दुपारी चारची भूक

शाकाहाराचा माझा पहिला प्रयत्न पाच दिवस टिकला. सकाळी फळं, दुपारी भात, दोन भाज्या, वर काकडी-टोमॅटोच्या फोडी. जेवताना पोट भरायचं, उठताना हलकंही वाटायचं. चार वाजले की मात्र हातपाय गळायचे, समोरच्या कागदावरची एकच ओळ तीनदा वाचावी लागायची आणि हाताला लागेल ते बिस्किट तोंडात जायचं. पाचव्या रात्री मी घरी परतताना चिकन घेतलं, ओट्यापाशी उभ्यानेच खाल्लं आणि हे आपल्याला झेपणार नाही असं ठरवून झोपलो.

त्याला आता अडीच वर्षं झाली. मी मांस-मासे खात नाही, आणि दुपारच्या चार वाजण्याची मला भीती वाटत नाही. मधे काय काय झालं ते जरा तपशिलात लिहितो आहे. मी सुरुवात केली तेव्हा काय सोडायचं ते सांगणारे खूप भेटले. उद्या दुपारी डब्यात काय न्यायचं, हे सांगणारे अगदी थोडे होते.

कारण साधंच होतं. 49व्या वर्षी केलेल्या रक्ततपासणीत एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हणतात ते कोलेस्टेरॉल, 168 निघालं. माझे वडील 58व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले, त्यामुळे तो आकडा मी रिपोर्टवर वाचला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. डॉक्टरांनी मला शाकाहारी व्हायला सांगितलं नव्हतं. संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) कमी करा, तंतुमय पदार्थ वाढवा, चाला, सहा महिन्यांनी बघू, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. शाकाहाराचा निर्णय माझा. मी दिवसातून दोन्ही वेळा मांस खाणारा माणूस, आणि 'थोडं कमी करा' हा नियम मला कधीच पाळता आलेला नाही. शिवाय आपल्या जिभेसाठी एक जीव जातो, हे काही वर्षांपासून मनाला लागत होतं. ते मी कुणाशी बोललो नव्हतो. रिपोर्टने त्याला निमित्त दिलं.

पाच दिवसांच्या त्या फजितीनंतर ओळखीच्या एका आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी आधी काही सांगितलंच नाही. "त्या पाच दिवसांत काय काय खाल्लंत ते लिहून द्या," म्हणाल्या. मी लिहून दिलं. त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, "तुम्ही ताटातून मांस उचललंत, ते ठीक. त्या जागी काय ठेवलंत?"

मी काहीच ठेवलं नव्हतं. भाज्या आधीही होत्या, भात आधीही होता. त्यांचं प्रमाण मी वाढवलं होतं, इतकंच.

मग आम्ही हिशेब मांडला. प्रौढ माणसाला रोज वजनाच्या दर किलोमागे साधारण 0.8 ग्रॅम प्रथिनं लागतात. माझं वजन तेव्हा 72 किलो, म्हणजे दिवसाला 58 ग्रॅमच्या आसपास. पूर्वी कोंबडीच्या दीडशे ग्रॅम शिजवलेल्या मांसातूनच मला 40 ग्रॅमच्या वर मिळत होती, म्हणून मला याचा कधी विचारच करावा लागला नव्हता. शिजलेल्या 100 ग्रॅम भातात जेमतेम पावणेतीन ग्रॅम असतात. भाज्यांतही कमी-अधिक तेवढीच. माझं ते भरगच्च दिसणारं दुपारचं ताट दहा ग्रॅमच्या पुढे जात नव्हतं. चारच्या भुकेचं उत्तर त्या कागदावर होतं. बाईंनी समोर दुसरा आकडा लिहिला: शिजलेल्या मसुराच्या 200 ग्रॅमच्या मोठ्या वाटीत सुमारे 18 ग्रॅम प्रथिनं. वरून तंतू वेगळे, आणि तेच माझ्या कोलेस्टेरॉलसाठी हवे होते.

दुसऱ्या वेळी मी फक्त दुपारचं जेवण बदललं. रात्री पूर्वीसारखंच. तीन आठवडे यात काहीही फरक केला नाही. मग सकाळची न्याहारी बदलली, ती सोपी गेली कारण न्याहारीत माझी जीभ फार गुंतलेली नव्हती. रात्रीचं जेवण सगळ्यात शेवटी. दिवसभराचा थकवा, घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसणं, काहीतरी चमचमीत हवंसं वाटणं, हे सगळं रात्रीच्या ताटाला चिकटलेलं असतं. ते सुटायला वेळ लागतो. पहिल्या दुपारपासून शेवटच्या रात्रीपर्यंत मला पाच महिने लागले, आणि एवढा वेळ घेतला म्हणूनच ते टिकलं असं मला वाटतं.

पहिले दोन महिने मी नवीन पाककृती शोधल्या नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण उत्साहाच्या भरात माणूस वीस पदार्थांची सामग्री आणून ठेवतो आणि गुरुवारी दमून घरी आला की त्यातलं काहीच करवत नाही. मी चार जेवणं पक्की केली आणि तीच फिरवत राहिलो.

पहिलं मसूर. सालं काढलेला नारिंगी मसूर भिजवावा लागत नाही, साध्या पातेल्यात वीस मिनिटांत शिजतो. एक वाटी मसूर, तीन वाट्या पाणी, थोडी हळद. तो शिजेपर्यंत शेजारच्या कढईत तेलावर कांदा चांगला तांबूस होऊ द्यायचा, लसूण, टोमॅटो घालून तेल सुटेपर्यंत परतायचं, मग सगळं एकत्र करून मीठ. गॅस बंद केल्यावर लिंबू. मूठभर पालक असेल तर शेवटच्या दोन मिनिटांत. खाली भात. हे जेवण मी आजवर किती वेळा केलं असेल याची मोजदाद नाही, आणि अजून कंटाळा आलेला नाही.

दुसरं काबुली हरभरे, रात्री भिजवून सकाळी कुकरमध्ये शिजवलेले. अर्धे तसेच ठेवायचे, अर्धे भाजलेल्या तिळाबरोबर, लसूण आणि लिंबाबरोबर भरड वाटायचे, ब्रेडवर जाड थर लावायचा, वर काकडी-गाजर. कामावर नेण्यासाठी यासारखं दुसरं नाही. तिसरं टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. टोफूचं पाणी काढल्याशिवाय तो बेचवच लागतो. फडक्यात गुंडाळून वर वजन ठेवायचं, अर्ध्या तासाने तुकडे करून कमी तेलात कडा तांबूस होईपर्यंत हलवायचे नाहीत. मग त्यात घरात असेल ती भाजी. चौथं अंडी. अंडी शाकाहारात धरायची की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. मी धरली, कारण एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात आणि घाईच्या रात्री दहा मिनिटांत जेवण होतं.

न्याहारीला ओट्स, दूध, एक फळ, चार अक्रोड आणि एक चमचा जवसाची पूड. ओट्समधला बीटा-ग्लुकान नावाचा विद्राव्य तंतू एलडीएल कमी करायला मदत करतो. त्यासाठी दिवसाला सुमारे तीन ग्रॅम बीटा-ग्लुकान पोटात जावं लागतं, म्हणजे साधारण 70 ग्रॅम कोरडे ओट्स. जवस मात्र दळूनच घ्यावं. अख्खं जवस बहुतेक वेळा जसंच्या तसं बाहेर पडतं.

धान्य आणि कडधान्य एकाच घासात खाल्लं तरच प्रथिनं पूर्ण होतात, असं मला एका मित्राने ठासून सांगितलं होतं, आणि काही दिवस मी त्या काळजीने प्रत्येक ताट जुळवत बसलो. त्यामागचं शास्त्र खरं आहे. तांदूळ-गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) कमी, कडधान्यात मेथिओनिन कमी, आणि दोन्ही मिळून एकमेकांची उणीव भरून निघते. पण ती दिवसभराच्या खाण्यात भरून निघाली तरी पुरतं. हे कळलं तेव्हा डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं.

आता चुकांबद्दल, कारण त्यातल्या एकीने घरच्यांना त्रास झाला.

दोन महिने झाल्यावर मी राजमा करायला घेतला. रात्रभर भिजवला, मग मंद आचेवर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात सकाळी घातला आणि कामाला गेलो. संध्याकाळी दाणे जरा टणक वाटत होते, पण रस्सा छान झाला होता म्हणून वाढलं. तीन तासांत माझा मुलगा उलट्या करू लागला, मग बायको, मग मी. रात्र तशीच गेली. राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचा विषारी घटक असतो. तो खळखळ उकळण्यानेच नष्ट होतो, आणि मंद भांड्यातलं तापमान तिथवर पोचतंच असं नाही. उलट अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो. निदान पाच तास भिजवून ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात खळखळून उकळायचा, आणि दाणा बोटांत सहज चिरडला जाईपर्यंत शिजवायचा. मी आता राजमा नेहमी प्रेशर कुकरमध्येच करतो. मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा होता. त्या रात्री बेसिनपाशी त्याची पाठ चोळताना मला जे वाटलं ते मी विसरलेलो नाही, आणि कुणी नव्याने कडधान्यं शिजवायला लागलं की ही एक गोष्ट मी न विचारता सांगतो.

गॅसचा त्रास सगळ्यांनाच होतो, पण मोकळेपणाने कुणी बोलत नाही. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा शर्करा असतात. त्या पचवणारं विकर (एन्झाइम) आपल्या लहान आतड्यात नाही, म्हणून त्या मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू त्या आंबवतात. भिजवलेलं पाणी फेकून दिलं तर त्या बऱ्याच कमी होतात. पण खरा उपाय धीराचा आहे. मी एकदम रोज दोन वाट्या सुरू केल्या होत्या. अर्ध्या वाटीवर आलो, दर आठवड्याला थोडं वाढवलं, पाणी जास्त प्यायलो, आणि सहाव्या आठवड्यात पोट शांत झालं.

तिसऱ्या महिन्यात तपासणी केली तर एलडीएल 163. वजन दोन किलोंनी वाढलेलं. मला फार वाईट वाटलं. पुन्हा बाईंकडे गेलो, पुन्हा कागद. या वेळी कागदावर चीज जागोजागी होतं. मांस नाही म्हणून ब्रेडवर चीज, भाजीवर चीज, रात्री भूक लागली की चीजचा तुकडा, सोबत तळलेले बटाटे. चीजच्या 30 ग्रॅमच्या तुकड्यात सहा ग्रॅमच्या आसपास संपृक्त चरबी असते. ज्या गोष्टीसाठी मी मांस सोडलं, ती मागच्या दाराने घरात आली होती. तेव्हापासून चीज चवीपुरतं आणि आठवड्यातून एकदाच, आणि तळण घरी बंद. चवीची कमतरता मग दुसऱ्या वाटेने भरून काढावी लागली.

या भागावर मी सगळ्यात जास्त विचार केला आहे. मांस सोडल्यावर मला मांसाची आठवण येत होती असं मी समजत होतो. प्रत्यक्षात रश्श्याची जी एक खोल, जिभेवर रेंगाळणारी चव असते, तिची उणीव भासत होती. तिला नाव आहे. 1908मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्या चवीला 'उमामी' म्हटलं. म्हणजे ती चव शोधली गेली तीच मुळी एका वनस्पतीसारख्या शेवाळात. पिकलेल्या, आटवलेल्या टोमॅटोत ती असते, मशरूममध्ये असते, सोया सॉसमध्ये असते. मी मशरूमचे काप कोरड्या गरम तव्यावर, मीठ न घालता, पाणी आटून ते तपकिरी होईपर्यंत भाजायला लागलो. मसुरात एक चमचा सोया सॉस घालायला लागलो. कांद्याला आणखी दहा मिनिटं दिली. आणि एका रविवारी बायकोने घास घेऊन विचारलं, "यात काय घातलंत?" ती मासे खाते, आजही खाते, आणि मी तिला कधी सोडायला सांगितलेलं नाही. तिने त्या दिवशी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

घरात यावरून भांडण झालं नाही, याचं श्रेय तिचं आहे. मूळ स्वयंपाक शाकाहारी, तिला हवा असेल तर मासा वेगळ्या तव्यावर, असं आमचं ठरलं. मुलगा फुटबॉल खेळतो, त्याला सारखी भूक. "बाबा, आज परत मसूर?" हे वाक्य मी खूप ऐकलं. त्याच्यावर मी माझा निर्णय लादला नाही. त्याच्या ताटात दही, दाणे, अंडी जास्त असतील एवढं पाहिलं.

बाहेरच्या जेवणांचं फार सांगण्यासारखं नाही. बोलावणं आलं की आधीच कळवतो, आणि शंका असेल तर घरून थोडं खाऊन निघतो. सहाव्या महिन्यात एका समारंभात मांस खाल्लंही. दुसऱ्या दिवशी दुपारी डब्यात हरभरे नेले आणि पुढे चालू ठेवलं.

बी-12 बद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात आणि आपल्याला ते प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नातून मिळतं. भाज्या-धान्यांत त्यावर विसंबता येईल इतकं नसतं. यकृतात त्याचा साठा कित्येक वर्षं पुरतो, म्हणून मांस सोडल्यावर पहिली दोन वर्षंही सगळं ठीक वाटू शकतं. मग थकवा, हातापायांना मुंग्या, विसराळूपणा. उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी कायमचीही होऊ शकते. त्यात आणखी एक अडचण अशी की हिरव्या भाज्यांतून किंवा गोळ्यांतून फोलेट (बी गटातलंच दुसरं जीवनसत्त्व) भरपूर मिळत असेल, तर रक्तक्षय दिसत नाही आणि बी-12 ची कमतरता झाकली जाते. माझी दीड वर्षाने तपासणी केली तेव्हा पातळी खालच्या मर्यादेला टेकली होती, दूध आणि अंडी खात असूनही. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, ती मी नियमित घेतो. कुणीतरी त्याऐवजी स्पिरुलिना ही शेवाळासारखी पूड घ्यायला सुचवलं होतं. त्यात बी-12 सारखा दिसणारा जो घटक असतो तो बहुतांशी माणसाच्या शरीराला वापरता येत नाही, त्यामुळे त्यावर मी विसंबलो नाही.

लोहासाठी दोन सवयी पुरल्या. वनस्पतींतलं लोह शरीर कमी शोषून घेतं, पण सोबत क जीवनसत्त्व असेल तर ते शोषण वाढतं; मसुरावरचं लिंबू म्हणून. आणि जेवणानंतरचा चहा मी तासभर पुढे ढकलला, कारण चहातले घटक लोह अडवतात. पालकाच्या भरवशावर मी लोह किंवा कॅल्शियम सोडलेलं नाही. त्यातल्या ऑक्झलेट या घटकामुळे कॅल्शियमचा फार थोडा भाग शरीराला मिळतो. कॅल्शियमसाठी दूध, दही, तीळ.

वर्षाने एलडीएल 137 आलं. डॉक्टरांनी समाधान व्यक्त केलं, आणि वडिलांचा इतिहास पाहता पुढे औषधही लागू शकतं हे स्पष्ट सांगितलं. मी ते ऐकून घेतलं. जेवणाने जेवढं होण्यासारखं आहे तेवढं मी करत राहीन, आणि गोळी लागली तर गोळी घेईन.

हरभरे भिजत घालायचं काम आता मुलाकडे आहे. झोपायच्या आधी तो दोन वाट्या मोजतो, धुतो, वर भरपूर पाणी घालतो, कारण सकाळी ते फुगून दुप्पट होतात हे त्याने पाहिलंय. गेल्या रविवारी तो म्हणाला, "बाबा, मला मसूर शिकवा." मी बाजूला स्टुलावर बसून राहिलो. कांदा त्याने पुरेसा परतला नाही, लिंबू विसरला. मग आठवलं तेव्हा ताटातच पिळलं, आणि दोन वाट्या खाऊन खेळायला गेला.